येवल्याच्या बाजारातले शिंगरू

येवला म्हटले की आपल्या घराघरांत एकच तारीख निघते, १३ ऑक्टोबर १९३५. आम्हीही वर्षानुवर्षे त्या दिवशी नाशिकहून एस.टी.ने मुक्तिभूमीवर जातो, वंदना घेतो, पुस्तकांच्या दुकानांपुढे रेंगाळतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्याच गावात मंगळवारच्या बाजारात घोडे विकायला येतात आणि दसऱ्याच्या सुमारास तर त्यांची रीघ लागते, हे ऐकून होतो. पण पाय कधी तिकडे वळले नव्हते. घोड्याशी आपला संबंध तो काय? गेल्या वर्षी ते वळवले शेजारच्या मावशींच्या धाकट्या मुलाने.

हा मुलगा लग्नसराईत एका घोडेवाल्याकडे मोतद्दार म्हणून राबतो. वरात दुसऱ्याची, घोडी दुसऱ्याची, याच्या हाती लगाम आणि मध्यरात्री मिळेल ती मजुरी. त्याला स्वतःची घोडी हवी होती. तयार झालेली नाचरी घोडी आपल्या आवाक्यातली नाही, म्हणून शिंगरू घ्यावे आणि वाढवावे असे त्याने ठरवले. मावशींनी बचत गटातून तीस हजारांचे कर्ज उचलले. गटाचे हिशेब आम्ही पाहतो, म्हणून मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही याच्यासंगं जा. याला घोडं दिसलं की पैसा दिसत नाही."

आमची मात्र पंचाईत झाली. वरातीच्या उधळपट्टीविरुद्ध आम्ही कितीतरी मंगल परिणयांत माईकवरून बोललो आहोत, आणि आता वरातीच्याच घोडीसाठी आम्ही जायचे! पण दुसरी बाजूही डोळ्यांपुढे होती. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला आपली वरात गावातून नेता यावी म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि शेवटी ती पोलीस पहाऱ्यात निघाली. त्याच वर्षी गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो आणि त्यावर बसतो याचा राग होता, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. घोड्यावर कोणी बसावे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. तेव्हा घोडीचा मालक आपल्यातला असला तर वाईट काय, असे मनाशी म्हणत आम्ही निघालो.

नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, निफाड, विंचूर असे करीत गाडी येवल्याला जाते. पावसाळा सरत आलेला, द्राक्षबागांतून छाटणीची गडबड, कांद्याचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे. गाडीत त्या मुलाने आम्हांला खरी अडचण समजावून सांगितली. वरातीच्या घोडीला साठ इंचांच्या आसपास उंची लागते. ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोके खालीवर होते. जमिनीपासून, मानेची आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. पाचसहा इंच कमी भरले की गिऱ्हाईक तट्टू म्हणून नाक मुरडते आणि सुपारी अर्ध्यावर येते. शिंगरू तर सहा महिन्यांचे घ्यायचे. ते पुढे किती वाढेल हे आज कसे ओळखायचे? मावशींचे तीस हजार या एका प्रश्नावर टांगलेले होते.

आम्ही आदल्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना भेटून काही टिपून आणले होते. शिंगरू जन्मते तेव्हाच त्याची उंची पुढच्या उंचीच्या ६० ते ६५ टक्के असते. म्हणून ते नुसते पायच पाय दिसते. सहा महिन्यांत ते ८३-८४ टक्क्यांवर येते, वर्षाचे झाले की ९० आणि दीड वर्षाला ९५ च्या आसपास. उरलेले थोडे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत भरते. आम्ही बी.कॉम. झालेलो, टक्केवारी म्हणजे आमचा रोजचा भाकरतुकडा. आजची उंची आणि नेमके वय कळले की बाकीचे गणित तिकिटाच्या पाठीवर होते.

गोची आहे ती त्या 'नेमके वय' या शब्दांत.

बाजारात घोडे ओळीने बांधलेले होते, अगाडी-पिछाडी लावून. पांढरी नुकरी, काळी, अबलख, कोणाच्या गळ्यात घुंगरू, कोणाच्या कपाळाला गोंडा. मारवाडी आणि काठेवाडी घोडे वळलेल्या कानांवरून ओळखू येतात, कानांची टोके एकमेकांना टेकायला येतात. एका कडेला ठेंगणी, जाड मानेची तट्टे होती. कोणी तिकडे ढुंकून पाहत नव्हते. भीमेकाठच्या भीमथडी घोड्याची मात्र अलीकडेच देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ठेंगणा म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी मराठ्यांच्या फौजा कशावर बसून फिरल्या ते आठवावे.

पहिल्याच विक्रेत्याने एक तांबडे शिंगरू पुढे केले. "पाच महिन्यांचं हाय, साहेब, बासष्ट-त्रेसष्टच्या खाली थांबणार नाय." टेप लावला तर ५१ इंच भरले. पाच महिन्यांचे असते तर त्याचे बोलणे खरे ठरले असते. पण आमच्या मुलाने हलकेच त्याचा ओठ वर केला. पुढचे मधले दूधदात पहिल्या आठवड्यात येतात, त्यांच्या शेजारचे महिना-दीड महिन्यात, आणि कोपऱ्यातले सहा ते नऊ महिन्यांत. या शिंगराचे कोपऱ्यातले दात चांगले वर आले होते. म्हणजे ते नऊ-दहा महिन्यांचे. पुन्हा हिशेब केला, अठ्ठावन इंचांच्या आत-बाहेर. विकणारा वय कमी सांगतो, कारण वय कमी म्हणजे वाढ जास्त शिल्लक. आपल्याकडे शाळेत मुलाचे वय कमी लावतात, तसेच म्हणा ना!

ओळीच्या टोकाला एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांच्याकडे एक काळपट घोडी आणि तिचे मादी शिंगरू होते. शिंगराचे अंग सडपातळ, नळी लांब, चाल मोकळी. आमचा मुलगा तिथेच थबकला. पण गर्दीतले दोघे-तिघे शिंगराच्या तोंडाजवळ जाऊन पाहत आणि काही न बोलता पुढे सरकत. काय भानगड आहे ते आम्हांला कळेना. चाचांनी स्वतःच सांगितले, "भाई, झूठ नहीं बोलूंगा. आंसूढाळ है."

घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. माणसाच्या डोक्यावर असतो तसे. कोणता भोवरा कुठे आहे यावरून घोडा शुभ की अशुभ हे बाजारात ठरते. गळ्यावरचा देवमण भाग्याचा. डोळ्याखाली भोवरा असला की तो आंसूढाळ, म्हणजे मालकाला रडवणारा. केस कोणत्या दिशेने फिरतील हे गर्भातच ठरते. त्या जिवाने काही केलेले नसते. तरी चांगल्या जनावराची किंमत तेवढ्यावरून कोसळते.

येथे आम्ही एक कबुली देतो. अंधश्रद्धेवर आम्ही व्याख्याने दिली आहेत. तरीही मावशींचे कर्ज आठवले आणि क्षणभर आमच्याही मनात आले की, कशाला विषाची परीक्षा? मुलगा आमच्याकडे पाहत होता. मग आम्हीच म्हणालो, "टेप काढ."

सपाट जागा शोधून तिला उभे केले. तीनदा हलली, चौथ्यांदा माप मिळाले, ५० इंच. ओठ उचलला तर कोपऱ्यातले दात हिरडीतून नुकते डोकावत होते. सहा महिने, खोटे नाही. हिशेब आला साठच्या जवळ. मग मुलाने खिशातून सुतळी काढली. ही युक्ती त्याला एका नालबंदाने शिकवलेली. सुतळीचे एक टोक पुढच्या पायाच्या कोपराला धरायचे, दुसरे खाली खुराच्या वरच्या सांध्याच्या मध्यापर्यंत न्यायचे. मग कोपराचे टोक तसेच ठेवून खालचे टोक सरळ वर फिरवायचे. ते जिथे पोचेल तिथे खांदा येणार. सुतळी तिच्या पाठीच्या बरीच वर हवेत जाऊन थांबली. तिथपर्यंत जमिनीपासून मोजले तर ५९ इंच भरले. तिसरे माप खुराच्या वर केस सुरू होतात तिथपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचे. ते जितके इंच, तितके 'हँड' उंची होते असे मानतात, आणि एक हँड म्हणजे चार इंच. ते भरले १५, म्हणजे पुन्हा साठ. पायाच्या खालच्या हाडांची वाढ पहिल्या वर्षातच जवळजवळ संपते, म्हणून खालचा पाय पुढचे बरेच सांगून जातो. ही मापे काही ब्रह्मवाक्य नव्हेत, इंच-दोन इंचांची चूक धरायचीच. पण तीन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो की भरवसा वाटतो.

मापांची गोष्ट निघाली म्हणून आठवले. माणसांची नाके मोजून त्यांचा वंश आणि पायरी ठरवण्याचा उद्योग इंग्रज अमदानीत झाला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी तेच आकडे हाती घेतले आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्या आकड्यांतूनच दाखवले. सुतळी तीच असते, ती कोणत्या हेतूने धरली हे पाहावे लागते.

चाचांनी घोडीकडे बोट केले, "मां को भी नापो." ती साडेएकोणसाठ भरली. आईचे माप घेणे हे तर फार महत्त्वाचे. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर नावाचे अवाढव्य घोडे आणि शेटलंडची चिमुकली तट्टे यांचा त्यांनी कृत्रिम रेतनाने संकर केला. रक्त दोन्हीकडे निम्मे-निम्मे, पण मोठ्या आईच्या पोटचे शिंगरू छोट्या आईच्या शिंगराच्या जवळपास तिप्पट वजनाचे जन्मले. तो फरक मोठेपणीही पुरता भरून निघाला नाही. आईच्या पोटात किती जागा आणि किती पोषण मिळाले याचा हा हिशेब. आमच्या घरांतल्या गरोदर सुनांच्या ताटाकडे पाहताना हा प्रयोग आम्हांला हटकून आठवतो.

रुमालाखाली बोटे धरून सौदा झाला. चाचांनी चाळीस मागितले, सव्वीसवर तुटले. "भोवरा नसता तर पन्नासला सोडली नसती," असे ते म्हणाले आणि शिंगराच्या मानेवरून बराच वेळ हात फिरवीत राहिले.

टेम्पोत पेंढा पसरून शिंगरू चढवले. निघताना मुक्तिभूमीवर थांबलो. मुलगा शिंगराजवळ बसून राहिला, आम्ही आत जाऊन आलो. काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून आपल्या माणसांनी मार खाल्ला, आणि पाच वर्षांनी या गावात बाबासाहेबांनी सांगितले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जन्माचा शिक्का पुसता येतो हे येथे ठरले. बाहेर आलो तर शाळेच्या पोरांनी टेम्पोला गराडा घातलेला आणि शिंगरू एकाची टोपी चावत होते.

घरी मावशींनी भोवरा पाहिला. त्यांना कोणीतरी फोनवर आधीच कळवले होते. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुळाचा खडा घेऊन गेल्या. नाव ठेवले कंथका. सिद्धार्थाच्या घोड्याचे नाव कंथक, ही मादी म्हणून कंथका. व्याकरण पंडितांनी पाहावे.

पुढचे काम खाण्याचे. मापाने सांगितलेली उंची पोषण असेल तरच येते. आपल्याकडे घोड्याला गव्हाचा कोंडा भरपूर घालतात. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे, त्यामुळे वाढत्या जनावराची हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांनी कोंडा कमी करून लसूणघास सुरू करायला सांगितले, आणि जंताचे औषध वेळच्या वेळी. चंदीचा माराही नको, घाईने फुगवलेल्या शिंगराचे सांधे बिघडतात. तीन वर्षांची होईपर्यंत पाठीवर कोणी बसायचे नाही असे ठरले आहे. नाचायला शिकवताना चाबूक नको, हेही. केशी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याला भगवान बुद्धांनी घोडे कसे शिकवतोस असे विचारल्याची गोष्ट अंगुत्तर निकायात आहे. मृदूपणे, कठोरपणे आणि दोन्ही मिळून, असे केशी म्हणाला. आमच्या मुलाने त्यातला पहिला उपाय निवडला आहे. तो किती टिकतो ते घोडीच ठरवील.

या आश्विनात कंथका दीड वर्षाची झाली. माप घेतले तेव्हा पावणेसत्तावन्न इंच भरले, हिशेबाला पाव इंच कमी. उन्हाळ्यात पंधरा दिवस तिचे पोट बिघडले होते. पुठ्ठा खांद्यापेक्षा इंचभर वर आहे, म्हणजे वाढ अजून बाकी आहे. मुलाने भिंतीवर कोळशाने रेघ मारली. शेजारी त्याच्या भाचीच्या उंचीच्या रेघा आहेत. "गिऱ्हाइकाने भोवरा पाहिला तर?" असे आम्ही विचारले. "वरातीत तोंडावर झालर असते की, भाऊ," तो म्हणाला.

बचत गटाचे सात हप्ते राहिले आहेत.