खोबरेल थिजते तेव्हा

गोव्यात थंडी आली हे कळण्यासाठी आम्हाला वेधशाळेच्या पत्रकाची गरज पडत नाही. न्हाणीघराच्या फळीवर खोबरेलाची बाटली असते. एके दिवशी सकाळी ती उलटी केली तरी तेल खाली येत नाही. पाहावे तो बाटलीत पांढरे शुभ्र लोणी. साधारण चोवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठू लागते, हे शास्त्र आम्ही मोठेपणी वाचले. बाटलीने ते आम्हाला लहानपणीच शिकवले होते. दिल्लीकडच्या माणसाला आमच्या थंडीचे हसू येईल. पौषातल्या ऐन पहाटेसही आमच्या किनारपट्टीचा पारा वीस अंशांच्या आसपासच घुटमळतो. त्याने खुशाल हसावे. चार महिने ज्याने ओल्या भिंतींशी संसार केला आहे, त्यालाच कार्तिकातल्या कोरड्या वाऱ्याची गोडी कळणार.

बाटली गोठली की आमचे हात शिवशिवू लागतात. पडवीच्या कोपऱ्यात एक जुना पेटारा आहे. तो बाहेर ओढल्याचा आवाज स्वयंपाकघरात पोहोचतो आणि तेथून ठरलेला अभिप्राय येतो, "तेल थिजलें म्हणटकच तुमचें पिसाय सुरू!" आमच्या सौभाग्यवतीच्या ह्या वाक्यात तक्रार किती आणि कौतुक किती, याचा निवाडा आम्ही अद्याप केलेला नाही. पाटाचा एक पाय डुगडुगत असल्याची आठवण मात्र त्याच वेळी करून दिली जाते, एवढे खरे.

पेटाऱ्यात काय आहे? दोन रंधे, तीन पटाश्या, एक गिरमिट, करवत, कानशी आणि कोयती. पावसाळ्यात ह्या सर्वांवर गंजाचा तांबूस पदर चढलेला असतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात लोखंडाने दुसरे करावे तरी काय? पहिले दोन दिवस घासण्यात आणि धार लावण्यात जातात. मग पात्यांना त्याच थिजलेल्या खोबरेलाचा हात द्यायचा. जवसाचे तेल येथे उपयोगी नाही. ते हवेत सुकून त्याचा चिकट पापुद्रा होतो, म्हणून तर रंगवाले ते रंगात घालतात. खोबरेल तसे सुकत नाही, आणि आषाढापर्यंत लोखंडाला धरून राहते.

लाकडाचे शास्त्र याहून नाजूक. माजघराचे दार श्रावणात चौकटीला असे घट्ट बसते की दोघांनी ओढावे. तेव्हा घाईघाईने रंधा मारणारा मनुष्य पुढे पस्तावतो. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते ते आडवे, रेषांच्या काटकोनात. लांबीला त्याचा फरक जाणवतही नाही. मार्गशीर्षात ते पुन्हा आपल्या जागी येते आणि श्रावणात तासलेल्या दाराला बोट जाईल एवढी फट पडते. म्हणून पावसात दार जेथे अडते तेथे नुसती खडूची खूण करून ठेवायची आणि थंडीत तेवढाच पातळ पापुद्रा काढायचा. ही खडूची खूण आमच्या घरात चार महिने दारावर असते. पाहुणे विचारतात, कसला हिशेब लिहून ठेवला आहे?

पेडण्याकडच्या देवस्थानी समाजात हे सारे करणाऱ्या घरमालकाकडे पूर्वी जरा विचित्र नजरेने पाहिले जाई. हे मेस्ताचे काम. ज्याचे त्याने करावे. देवळाच्या व्यवस्थेत प्रत्येकाचा मान ठरलेला आणि प्रत्येकाचा हातही ठरलेला. पालखीचा दांडा कोणी घडवायचा, दिवटी कोणी धरायची, वाद्य कोणी वाजवायचे, याच्या रेषा पिढ्यान्‌पिढ्या आखलेल्या. त्या रेषांमुळे एकीकडे कसब टिकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसरीकडे पुष्कळ घरांत अशी माणसे निपजली की ज्यांना खिळा सरळ ठोकता येत नाही आणि ज्यांना त्याचा अभिमान वाटतो. ह्या अभिमानाविषयी आम्हाला कधीच आदर वाटला नाही. देवापुढचा चौरंग ज्याने घडवला त्याचा हात हलका आणि त्या चौरंगावर नुसता नारळ ठेवणाऱ्याचा हात भारी, हे गणित आम्हाला सुटत नाही.

डिचोली तालुक्यात नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. मूळ दिवाडी बेटावरचा हा देव पोर्तुगीजांच्या काळात नदीपलीकडे आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथे त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. त्या देवळाचे अलीकडचे जतनकाम २०२३ साली पूर्ण झाले. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. पाटाचा पाय बसवण्याला तो शब्द लावला तर घरचे हसतात. हसोत बापडे.

आम्हाला हे वेड लागले ते आजोळी. आजोळ साखळीस, त्याच डिचोली तालुक्यात, वाळवंटी नदीच्या काठी. पेडण्यातून दिवाळीच्या सुटीला आम्ही तेथे जात असू आणि तुळशीचे लग्न, म्हणजे आमच्याकडची 'व्हडली दिवाळी', करूनच परतत असू. वृंदावनात ऊस, आवळ्या-चिंचेची फांदी आणि नवरदेव म्हणून दिंड्याची काठी उभी राहिली की इतर घरांतली दिवाळी आटोपे. मामांची तेथून सुरू होई. कारण त्यानंतर तीन दिवसांनी त्रिपुरारी पौर्णिमा, आणि त्या रात्री विठ्ठलापूरच्या श्रीविठ्ठलाच्या देवळाजवळ वाळवंटीत होड्या सोडायच्या.

हा उत्सव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री तेथे त्रिपुरासुराच्या वधाचा सोहळा होतो आणि हातांनी केलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या छोट्या होड्या पाण्यावर निघतात. शिडाची गलबते, बंगले, देवळे, जे ज्याच्या कल्पनेत येईल ते. आता त्याची मोठी स्पर्धा असते आणि गोवाभरातून माणसे लोटतात. तेव्हा काठ लोकांनी आणि पाणी उजेडाने भरून जाते.

मामांची होडी लहान. तिच्यात पाहण्यासारखे असे काही नाही, असे पाहणाऱ्याला वाटावे. परंतु ती करताना पाहणे हे आमचे खरे शिक्षण होते. तळासाठी केळीचे खांब. केळीच्या सोपटात हवेची घरे असतात म्हणून ते तरंगते; पण कापून चार दिवस ठेवले तर मऊ पडते. म्हणून खांब कापायचे ते पौर्णिमेच्या सकाळीच. वरचा सांगाडा मात्र पंधरा दिवस आधीपासून तयार. त्याला बांबूच्या काड्या, सांध्यांना सुताचे वेढे. होडीच्या कुशीसाठी पोफळीची विरी रात्रभर पाण्यात भिजवायची; सकाळी ती कातड्यासारखी वाकते. तिला साच्यावर ताणून बांधायची आणि सावलीत सुकवायची. सुकली की तिचा आकार बदलत नाही. शिडाला पतंगी कागद, आणि कागदाला मैद्याची खळ. त्या खळीत मामा किंचित मोरचूद घालीत, म्हणजे झुरळे कागद खात नाहीत. बुके बांधणारेही तेच करतात. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडे आम्हा मुलांच्या हाती कधी आले नाही.

हे सर्व पावसात होत नाही, भाद्रपदातही होत नाही. विरी सुकण्याऐवजी तिला बुरशी येते, खळ धरत नाही, कागद लोंबतो. रात्री घाटाकडून समुद्राकडे वाहणारा तो कोरडा मतलई वारा सुटावा लागतो. उत्सवाची तिथी ज्यांनी ठरवली त्यांनी पुराणच पाहिले असेल. हातांना मात्र ती तिथी अगदी सोयीची पडली आहे.

होडी तयार झाली की परसात पाण्याने भरलेले भांडे येई. त्यात ती सोडायची आणि एक घटकाभर मामा काही न बोलता पाहत. ती कोणत्या बाजूला कलते, नाक वर धरते की खाली, फुंकर मारली तर किती डोलते. मग एकच वाक्य, "वजन सकयल दवर रे, वयर न्हय." पणत्या वर मांडल्या तर शोभा येते पण होडी उलटते, म्हणून दोन नदीतले गोटे तळाशी बांधायचे आणि डोलकाठी जितकी हलकी करता येईल तितकी करायची. आर्किमिडीज आम्हाला पुढे शाळेत भेटला. ओळख जुनी निघाली.

आणखी एक गोष्ट. त्या रात्री पणतीत खोबरेल चालत नाही. पहाटेच्या गारव्यात ते पणतीच्या काठाशी थिजते आणि वात सुकी पडते. मामा तिळाचे तेल घालीत. त्यांच्या आधीच्या पिढीत उंडीचे तेल दिव्यांना वापरीत, आणि तेच खऱ्या होड्यांच्या लाकडालाही चोळीत.

मामा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. उजवा हात कापतो. सुताचा वेढा घालताना टोक तीन वेळा निसटले की ते हात मांडीवर ठेवतात आणि आमच्याकडे बघतात, आणि आम्ही काही न बोलता ते टोक उचलतो. गेली चार वर्षे होडी आम्ही करतो आणि ते बसून पाहतात. त्यांच्या घरी ती करणारा दुसरा कोणी नाही. मुलगा खाणीच्या धंद्यात होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्याची उमेद ओसरली ती ओसरलीच. नातू पुण्यास संगणकाच्या नोकरीत. तो पौर्णिमेला येई, पण येई तो मित्रांच्या स्पर्धेच्या होडीसाठी. ती होडी थर्मोकोलची, खाटेएवढी. वर रंगीत विजेच्या माळा आणि आत मोटार. दिसायची सुरेख. थर्मोकोल कात्रीने कापावा तसा कापतो, कसेही वजन ठेवले तरी तरंगतो आणि शिकण्यासारखे त्यात काही नसते. दुसऱ्या दिवशी त्याचे पांढरे कण काठच्या गवतात अडकलेले दिसत आणि मामा तिकडे पाहत नसत.

स्पर्धेविषयी आम्हाला राग नाही. बक्षिसे नसती तर तरुण पोरे एवढ्या रात्री जागली नसती, आणि उत्सव दहा-वीस म्हाताऱ्यांच्या हौसेवर टांगता राहिला असता. आमचे म्हणणे इतकेच की, पाहणाऱ्यांसाठी केलेली मोठी होडी आणि देवासाठी सोडलेली लहान होडी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि पहिलीच्या उजेडात दुसरी दिसेनाशी होते.

सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. त्या वर्षीच्या दिवाळीत नातू घरी आला तो थेट पडवीत. म्हणाला, "आजा, विरी कशी वाकयतात?" मामांनी आमच्याकडे पाहिले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याचे वर्णन करण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. ते म्हणाले, "पयलीं भिजत घाल, मागीर विचार." आणि त्या रात्री आमच्या घरच्या सर्वांत मोठ्या हंड्यात बारा विऱ्या भिजत पडल्या. स्वयंपाकाचे पाणी तापवायला हंडा नाही म्हणून मामींनी जे बोलायचे ते बोलून घेतले.

नातवाची पद्धत आमच्यापेक्षा निराळी. तो प्रथम कागदावर मोजमापे काढतो, विरीचे वजन तोलतो, बॅटरी तळाशी बसवून गोट्यांची गरज ठेवत नाही. बॅटरीचे ते वजन तळाशी पाहून मामा खूष झाले. हे आपलेच सूत्र, असे त्यांनी दोनदा ऐकवले. खळीऐवजी तो बाजारातला पांढरा गम वापरतो आणि मोरचुदाचे नाव ऐकून दचकतो. असो. त्याच्या वेढ्यांना अजून ताण नाही; तो हातात यायला दोन थंड्या आणखी लागतील.

मग पुढे माघ-फाल्गुनात आमची आणखी एक लहानशी कामगिरी असते, ती घुमटाची. डिचोलीचे कुंभार मातीचे अंग घडवतात. त्याच्या मोठ्या तोंडावर ओले कातडे ताणून दोरीने आवळायचे आणि सावलीत सुकवायचे. पूर्वी ते घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. जुन्या वादकांना बकऱ्याच्या कातड्याचा नाद पसंत नाही. आमच्या कानाला तो जरा मोकळा वाटतो, पण घोरपड जिवंत आहे हेही काही थोडे नव्हे. शिगम्याला ते वाजले की आमचा पेटारा पुन्हा कोपऱ्यात जातो, कारण तोवर उन्हाळा आलेला असतो आणि खोबरेल पातळ झालेले असते.

गेल्या पौर्णिमेला घाटाच्या पायऱ्यांवर मामांसाठी खुर्ची नेली होती. नातवाने आपली होडी आधी सोडली, मग आजोबांची. दोन्ही सरळ गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठाने फिरून दोन्ही सांगाडे गोळा केले, केळीचे खांब कुळागरात टाकले, आणि सांगाडे आढ्याला टांगायला शिडी आणली. मामा पडवीत बसून ते पाहत होते. कृष्णपक्षात तोडलेल्या बांबूला किडा लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. चंद्राशी त्याचा संबंध कोणी लावावा वा न लावावा. किडा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो आणि तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की तो अंश धुऊन जातो, म्हणून ते बांबू पुढे महिनाभर ओढ्यात दाबूनही ठेवतात.

शिडीवरून आम्ही खाली उतरण्याच्या आधीच ते नातवाला म्हणाले, "काल पुनव जाली. आतां काळोख लागलो. फुडल्या वर्साचे कोंडे ह्याच पंदरवड्यांत कापून दवर." नातवाची गाडी संध्याकाळची होती. त्याने घड्याळाकडे पाहिले, पेटाऱ्यातली कोयती उचलली आणि परसाकडे निघाला.