उधारीची वही

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. इतिहासात त्याची नोंद दत्ता सामंत यांच्या नावे आहे. त्याचा जमाखर्च मात्र गिरणगावातल्या खाणावळवालीच्या वहीत मांडला गेला. कोकणातून, घाटावरून आलेले गडी तिच्या एका खोलीत दोन वेळ जेवत आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता करीत. पगारच थांबला, तेव्हा वाण्याने हात आखडला. तिने ताटे मांडणे थांबवले नाही. आमटी तेवढी पातळ केली. या वागण्याला केवळ ममता म्हणणे सोपे आहे. त्यात व्यवहारही होता : जेवणारा उपाशी उठला, तर मागची बाकीही त्याच्याबरोबर उठून जाणार! संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गावी गेलेले अनेक गडी परतले नाहीत. वहीत त्यांची नावे होती, पत्ते नव्हते.