निस्ताराचा कागद

८ एप्रिल २०११, चंद्रपूर
लुसी स्मिथचा १८६९चा चांदा जमाबंदी अहवाल पुन्हा उघडला. प्रबंधाच्या वेळची माझी टिपणं पिवळी पडलीत. अठरा वर्षं या काळाचे कागद वाचतोय आणि दर वेळी एकाच जागी अडतो. १८७८च्या वन कायद्यानंतर सरकारी भाषा बदलते. गावाचा ‘हक्क’ मागे सरतो, ‘सवलत’ पुढे येते. एका शब्दाने रानाचा धनी बदलला!

१० एप्रिल, धानोरा तालुका
मोह पडतोय. पहाटेच बाया टोपल्या घेऊन निघाल्या, मी मागोमाग. गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे, त्यासाठी जुनं निस्तारपत्रक हवंय, म्हणजे रानातून गाव निस्तार, रोजच्या गरजेच्या वस्तू, आणत असे त्याची सरकारी नोंद. अभिलेखागारात ते मला मिळालं नाही. फाइल जागेवर नव्हती. हे सांगताना जीभ जड झाली.
एका आजीने विचारलं, “कागद नाही, तर आमी निस्तार केलाच नाही का जी?”

११ एप्रिल
रात्री झोप नाही. पहाटे वनहक्क नियमांतला १३वा नियम पुन्हा वाचला. निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद), गॅझेटियर पुरावा आहेतच; पण चराईच्या जागा, देवराई, दफनभूमी आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच. माझ्या प्रबंधात मौखिक साक्षीला मी तळटिपेत बसवलं होतं. ती चूक होती.

१८ एप्रिल
आजीचा जबाब लिहिला. कोणत्या नाल्यापलीकडून बल्ल्या, कुठून बांबू, कुठल्या झाडांचा मोह कोणत्या घराचा, सगळं तिने बोटावर मोजलं. शेवटी वाचून दाखवलं: “गावाला जंगलातून जळाऊ लाकूड मिळत असे.”
“मिळत नवतं. आमी आणत होतो.”
तिचंच वाक्य लिहिलं. अभिलेखागाराची भाषा माझ्या हातात किती मुरलीय, ते तिने दाखवलं. मग अंगठा दिला.

२७ एप्रिल, मेंढा (लेखा)
मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला परवाना वनखात्याचाच लागे. आज केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्याभोवती गर्दी होती, मला जवळ जाता आलं नाही. डोळे भरून आले, लपवले नाहीत. ज्या कागदाने गावाला अडवलं, तो आता गाव लिहिणार.
परतताना एका पोराला एवढंच सांगितलं: परवान्यांच्या स्थळप्रती पत्र्याच्या पेटीत ठेवा, वाळवी फार आहे.