सुरतेला, पण बघायला

संमतिपत्रावर एकच वाक्य होतं. ‘माझ्या पाल्यास सांस्कृतिक अभ्यास दौऱ्यासाठी सुरत येथे पाठवण्यास माझी हरकत नाही.’ दोन दिवसांत सगळ्या सह्या आणि अंगठे गोळा झाले. धडगावकडच्या एका मुलीचे वडील मात्र कागद घेऊन स्वतःच महाविद्यालयात आले. हरकत त्यांचीही नव्हती. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की सुरतला बघायचं काय असतं? “तिथं आपण कामाला जातो, सर.”

मला चटकन उत्तर सुचलं नाही. नंदुरबारचा माणूस सुरतेला लग्नाच्या साड्या आणायला जातो, मोठ्या दवाखान्यात जातो, कापडाच्या कारखान्यात आणि उसाच्या फडात जातो. बघायला कोण जातं? दौऱ्यासाठी आधी हंपी, मग वेरूळ अशी नावं निघाली होती, पण जमलेले पैसे मोजल्यावर सुरतेच्या पुढे जाता येणार नव्हतं. प्रस्तावात मी ‘परराज्यातील भिन्नभाषक शहर’ असं भारदस्त लिहून टाकलं. परकेपणा दाखवल्याशिवाय अभ्यास दौरा मंजूर होत नाही, हा माझा जुना अनुभव.

जानेवारीची सकाळ. गाडी नंदुरबार सोडते तेव्हा गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते. लांबून लाल सतरंज्या अंथरल्यासारखं दिसतं आणि खिडकी उघडी असेल तर डब्यात हटकून कुणीतरी शिंकतं. त्या शिंकांमध्येच मी इब्न बतूताची गोष्ट सुरू केली. मोरोक्कोतल्या तांजियरचा हा प्रवासी. दिल्लीच्या मुहंमद तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलं, आणि १३४२च्या सुमारास तो दौलताबादहून खंबायतकडे जाताना आपल्या गावी येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की हे लहानसं गाव मराठ्यांचं आहे. इथले कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी हुशार. लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवण्याआधी अंघोळ करतात, दारूला शिवत नाहीत.

शेवटच्या वाक्याला डब्यात मोठा हशा झाला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “म्हणजे सर, त्याच्या दौऱ्यात आपण परदेश होतो.”

मला जे दिवसभरात हळूहळू सांगायचं होतं ते या पोराने खांडबारा यायच्या आधीच सांगून टाकलं.

तापी व्हॅली रेल्वेने सुरतेपासून अमळनेरपर्यंत रूळ टाकले ते १९००च्या सुमारास, पण वाट इंग्रजांनी शोधलेली नाही. सुरत बंदरात उतरलेला माल बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जायचा तो याच पट्ट्यातून. जहांगीराच्या दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५मध्ये नंदुरबारला मुक्कामी होता. पुढे ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या आला. त्याने सुरतेपासूनचे टप्पे कोसांसकट नोंदवलेत: बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. बैलगाडीचे ते मुक्काम आणि आमच्या पॅसेंजरचे थांबे यांत फार फरक नाही. वेगातही नसावा, असं चिंचपाड्याला अर्धा तास थांबल्यावर मुलांचं मत झालं.

नवापूरबद्दल ताव्हर्निये लिहितो, की हे विणकरांचं मोठं खेडं, पण खरा व्यापार तांदळाचा. तो तांदूळ बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा आणि वासाला कस्तुरीसारखा. इराणात कुणाला भेट द्यायची तर या तांदळाचं पोतं न्यावं. आमच्यातली नवापूरची मुलगी हे ऐकून खूश झाली, मग खट्टू. “आता नवापूर म्हटलं की लोकांना कोंबड्याच आठवतात,” ती म्हणाली. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नवापुरात. तेव्हा ही मुलं जेमतेम जन्मली होती किंवा जन्मायची होती, तरी डाग लक्षात आहे.

नवापूर स्टेशनावर सगळे उतरले, कारण तिथे फोटो काढावाच लागतो. राज्यांची सीमा फलाटातूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. एका बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. दारूबंदी बाकाच्या मध्यापासून सुरू. १ मे १९६०ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावंही गुजरातकडे गेली. निझर, उच्छल हा भाग त्यातलाच. स्टेशन त्याआधी साठ वर्षं तिथे उभं होतं, ते कुठे जाणार?

सीमेपलीकडे गाडीत मोळ्या आणि टोपल्या घेऊन काही गामित बायका चढल्या. आमची नवापूरची मुलगी मावची बोलते. तिने जागा सरकवून दिली आणि पाचच मिनिटांत त्यांच्या गप्पा अशा रंगल्या की कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी गावात दिलेली निघाली. शेजारी बसलेला शहाद्याचा मुलगा, घरी गुजरी बोलणारा, तोही मधूनमधून हुंकार भरत होता. ‘भिन्नभाषक’ हा माझा शब्द मी मनातल्या मनात खोडला. त्या डब्यात प्रमाण मराठीच सगळ्यात परकी होती, आणि ती फक्त मी बोलत होतो.

सोनगडला डोंगरावरचा किल्ला दाखवला. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या आरंभी इथे बस्तान बसवलं. बडोद्याचं पुढचं वैभव या डोंगरावरून उतरलेलं आहे. इब्न बतूताही नंदुरबारहून निघून नदीकाठच्या एका मोठ्या गावी पोचला होता. ते बहुधा हेच, असं अभ्यासक मानतात. आता शेजारी उकाई धरण आहे. प्रकाशाच्या घाटावरून जाणारी आपली तापी इथे अडते आणि तिचा फुगवटा मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरतो.

व्यारा मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला. इथवर दंगा करणारा मोलगीचा एक मुलगा गप्प झाला. बारडोली आल्यावर मी १९२८च्या सत्याग्रहाबद्दल बोलायला लागलो, वल्लभभाईंना ‘सरदार’ म्हणायला लागले ते इथपासून, वगैरे. तो खिडकीबाहेरच बघत होता. मग सहज म्हणाला, “सर, माझी दुसरी-तिसरी इथंच गेली. पडावावर.” दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन सातपुड्यातली कुटुंबं या भागातल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येतात. त्यांच्या पालांच्या वस्तीला पडाव म्हणतात. शाळा तेवढे महिने गावाकडेच राहते. त्याचे आई-वडील या घडीलाही तिथेच होते, रुळांपासून फार तर चार किलोमीटरवर. त्याच्या संमतिपत्रावरचा अंगठा आजोबांचा होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

सुरतेत पहिल्यांदा गेलो ते महापालिकेत, आणि मुलांना वाटलं सरांची वाट चुकली. पण इमारत १६४४ची आहे, शाहजहानच्या काळातली मुघल सराई. हजला निघालेले यात्रेकरू इथे उतरायचे; सुरत म्हणजे मक्केचं दार. आता त्याच चौकात लोक घरपट्टीचे कागद घेऊन उभे असतात. मला ही वास्तू इथल्या किल्ल्यापेक्षा आवडते. वापरात असलेल्या जुन्या इमारतीला स्मारकपण चिकटत नाही.

कतारगाम दरवाजाजवळचं इंग्रजांचं कब्रस्तान पाहून मुलं चक्रावली. कबरी कसल्या, घुमटांचे महाल. जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची दुमजली समाधी तर मुघल उमरावाला शोभावी अशी आहे. जवळच्या डच कब्रस्तानात हेंड्रिक फान रेडे पुरलेला आहे. केरळातल्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडी ग्रंथ त्यानेच करवून घेतला. १६९१मध्ये मुंबईजवळ समुद्रात तो वारला. वनस्पतिशास्त्राच्या दोन मुली तिथून हलेनात. स्थानिक वैद्यांना विचारून विचारून हे पुस्तक झालं हे कळल्यावर एक म्हणाली, “आमच्या आजीला कुणी विचारलं असतं तर तीन खंड तिचेच झाले असते.”

ऑक्झेंडनवरून गोष्ट महाराजांवर आलीच. जानेवारी १६६४ला शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख हाच जॉर्ज होता. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. विरजी व्होरासारख्या सावकारांच्या पेढ्या उघड्या पडल्या. तापीकाठच्या त्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. बुरुजावर उभं राहिल्यावर मुलांच्या छात्या साहजिक फुगल्या. मग परतीच्या जिन्यावर तोच ‘परदेश’वाला मुलगा माझ्याजवळ आला. “सर, तेव्हा नंदुरबार कुणाकडे होतं?” मुघलांकडे, मी म्हटलं. “मग आपल्या गावचे व्यापारी त्या आठवड्यात घाबरले असतील, की खूश झाले असतील?” सुरतेच्या हुंड्यांवर नंदुरबारचा बाजार चालत असणार, तेव्हा घाबरलेच असतील, असं मी सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. मलाही फारसं आवडलं नव्हतं, पण भूगोल पाहता दुसरं उत्तर नाही.

किल्ल्यातल्या पाट्या गुजरातीत होत्या आणि एक-दोघांनी कुरकुर केली. तेव्हा त्यांना माणिक चौकाची आठवण दिली. ९ सप्टेंबर १९४२ला आपल्या गावात मिरवणूक काढणारा शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा शाळकरी पोर होता. तो आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्याच्या घरची बोली गुजराती, आणि त्या मिरवणुकीतली गाजलेली घोषणाही गुजरातीच होती. दरवर्षी आपण सगळे ती तोंडपाठ देतो. कुरकुर थांबली.

संध्याकाळी लिंबायतला गेलो. दौऱ्याच्या कार्यक्रमात हे नव्हतं, पण अर्ध्या मुलांचे मामा-काका तिथेच राहतात म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल? साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, यंत्रमागांचा खडखडाट, आणि चहाच्या टपरीवर थेट प्रश्न: “कोनता गावना शेतस भो तुम्ही?” अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा, पारोळा, सगळा खानदेश त्या दोन गल्ल्यांत अहिराणी बोलत होता. चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत. एका काकांनी, अंगावर धाग्यांचा कापूस तसाच, मुलांना विचारलं, “कोनती कंपनीमा लागनात?” लागलो नाही, बघायला आलोय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे धडगावच्या त्या वडिलांसारखंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलांनी वर्गणी काढून पोंक घेतला. थंडीत सुरतेत ज्वारीच्या कोवळ्या भाजलेल्या दाण्यांची मोठी चैन असते, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. मोलगीच्या मुलाने स्वतःच्या पैशाने वेगळा पुडा घेतला आणि बारडोली येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

गाडी तिथे दोनच मिनिटं थांबते. फलाटाच्या टोकाला त्याचे वडील उभे होते, पायाशी उसाची मोळी. फोन झाला असणार. मुलाने पुडा दिला, त्यांनी मोळी दारात टेकवली. पुडा उघडून वडिलांनी वास घेतला, दोन दाणे तोंडात टाकले.

“हा तर हुरडा,” ते म्हणाले. “हा बघायला गेला होतास?”

मुलगा काही बोलायच्या आत गाडी हलली. मोळी दारात आडवी अडकली होती, ती आत ओढून घ्यायला तिघं लागले.