व्याजावर शिकलेल्या मुली

या वीकांताला एका फोटोबद्दल. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला हा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, सीरियाहून आलेली एक विद्यार्थिनी आणि किमोनोतली ओकामी केइको. आपली नजर आनंदीबाईंवर थांबते, ते साहजिकच आहे. मला मात्र त्या किमोनोचं कुतूहल. जपानहून इतक्या लांब शिकायला आलेल्या बायका एकमेकींना धरून कशा राहिल्या असतील?

केइको १८८९ मध्ये डॉक्टर झाली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाजवळच्याच ब्रिन मॉर कॉलेजात त्सुदा उमेको दाखल झाली. तिची ही अमेरिकेची दुसरी खेप. पहिल्यांदा १८७१ मध्ये सरकारने पाच मुलींना अमेरिकेला धाडलं, त्यात ही सगळ्यात धाकटी, अवघी सहा वर्षांची! दोघी आजारपणामुळे लवकर परतल्या. उरलेल्या तिघी, म्हणजे उमेको, सुतेमात्सु आणि शिगेको, दहा-अकरा वर्षं राहिल्या. सुतेमात्सु १८८२ मध्ये व्हासार कॉलेजातून पदवीधर झाली. अमेरिकन कॉलेजची पदवी घेणारी ती पहिली जपानी बाई.

आणि परत आल्यावर? सरकारकडे उमेको आणि सुतेमात्सुसाठी कामच नव्हतं. उमेको तर जपानी भाषाही विसरली होती. थोडक्यात, पदवी ट्रंकेत आणि बाई घरात. तिघींची मैत्री मात्र जन्मभर टिकली.

आता मला भावलेला भाग. ब्रिन मॉरमध्ये शिकता शिकता उमेकोने अमेरिकन बायकांच्या मदतीने जपानी मुलींसाठी ८,००० डॉलर्सचा निधी जमवला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर एकेक मुलगी अमेरिकेत शिकवायची. अगदी आपल्या आजीच्या फिक्स्ड डिपॉझिटचं लॉजिक! या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या कावाई मिचीने १९२९ मध्ये स्वतःची शाळा काढली. होशिनो आईने पुढे उमेकोचीच संस्था सांभाळली. ती संस्था उमेकोने १९०० मध्ये १० विद्यार्थिनींवर सुरू केली होती, आणि तेव्हा सुतेमात्सु पाठीशी होतीच. २०२४ पासून उमेको ५,००० येनच्या नोटेवर आहे.

पुढे १९४९ मध्ये टोकियोत जपानी आणि अमेरिकन पदवीधर बायकांनी मिळून एक संस्था काढली, कॉलेज विमेन्स असोसिएशन ऑफ जपान. युद्धानंतर अमेरिकन विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळत होत्या, पण प्रवासखर्च कुठून आणायचा? या बायकांनी नेमका तोच उचलला. १९५६ पासून त्यासाठी मुद्राचित्रांचं प्रदर्शनही भरवायला लागल्या.

हे वाचून मी चपापलो. कारण गेल्या वर्षी माझ्या भाचीला जर्मनीत प्रवेश मिळाला. फी जवळजवळ नाहीच, पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. ताई रोज रात्री फोनवर एकच विचारायची, "अरे, एवढे आणायचे कुठून?" शेवटी घर गहाण ठेवून कर्ज काढलं. मुलगी गेली, पण निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ती हसली नव्हती.

अशा मुली बुद्धीत कमी पडत नाहीत. त्या शेवटच्या एका रकमेपाशी अडतात. परदेशात जाऊन आलेल्यांना ही जागा बरोबर माहीत असते. आपण मात्र तिथून व्हिसाच्या टिप्स पाठवतो आणि दिवाळीला फराळाचे फोटो. त्यातही प्रेम असतंच म्हणा, पण त्याने तिकीट निघत नाही.

असो. आमच्या कॉलेजच्या बॅचमधले बावीस जण परदेशात राहून आलेत किंवा अजून तिथेच आहेत. काल सगळ्यांना मेल टाकली. दरवर्षी प्रत्येकी थोडे पैसे, दर दोन-तीन वर्षांनी एक मुलगी. सात जणांचे होकार आलेत, एकाने "टॅक्सचं काय?" विचारलंय, बाकीचे अजून झोपलेत. निधीला नाव सुचलेलं नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, हा नियम मात्र पहिल्याच ओळीत लिहून टाकलाय.