न दिसणाऱ्या जागेचे रक्षण

बँकेत असताना तारण वाहनांची पाहणी अनेकदा करावी लागे. बाहेरून आरशासारखी चमकणारी गाडी खाली वाकून पाहिली, की तळाचा पत्रा गंजाने खाल्लेला आढळे. तारणाचे खरे मोल तेथे कळे.

आमच्या चिरंजीवांचा व्यवसाय रत्नागिरीत आहे. खारी हवा आणि कोकणचा पाऊस यांत गाडी रोज फिरते. म्हणून यंदा चातुर्मासापूर्वी सिरॅमिक कोटिंगचा विचार मागे ठेवून गाडीचा तळ, चाकांवरील कमानी आणि दरवाजांची आतील पोकळी यांना गंजरोधक लेप देण्याचे ठरले. सिरॅमिकचा थर बाहेरचा रंग जपतो. पोकळीत मात्र बारीक नळीने मेणयुक्त द्रव फवारावा लागतो. ब्रेक व सायलेन्सर झाकून घ्यावे लागतात आणि दरवाजाच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी राखावी लागतात.

मुख्य पथ्य वेगळेच आहे. ओल्या वा गंजलेल्या पत्र्यावर लेप चढविल्यास आत कोंडलेला ओलावा पत्रा खातच राहतो. कारागिराने तळ धुऊन, खरवडून वाळविण्यासाठी एक दिवस अधिक मागितला. माल पोहोचविणे खोळंबणार होते, तरी चिरंजीवांनी तो दिला.

संवराने नवा आस्रव थांबतो, साचलेल्या कर्मांचा क्षय मात्र निर्जरेनेच होतो. पर्युषणात नवा नियम घेण्यापूर्वी भावाभावांतील, भागीदारांतील जुना गंजही असाच खरवडून काढावा. वरच्या लेपाने तो केवळ झाकला जातो.