सांगली फाटा ते फाटा

पुण्याकडून कोल्हापुरास येणाऱ्या प्रवाशाला पंचगंगेचा पूल लागण्यापूर्वी शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते, आणि ती दृष्टीस पडण्याच्या आधीच तिचा वास त्याला गाठतो. ओल्या वाळूचा, जळक्या तेलाचा आणि भट्टीतून नुकत्याच ओतलेल्या बिडाचा तो उग्र, उष्ण दर्प, ज्याच्या सान्निध्यात माझे हिशेबनिसाचे सारे आयुष्य गेले, तो निवृत्तीनंतरही मला परका वाटत नाही. उद्यमनगरात शेतीच्या इंजिनांपासून वाढीस लागलेला कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले असा पसरत गेला, आणि मोटारींचे, ट्रॅक्टरांचे, पंपांचे कितीतरी भाग आजही येथल्या वाळूच्या साच्यांतून बाहेर पडतात. पण ज्यांच्या हातांतून ते बाहेर पडतात त्या माणसांना वर्षातून एकदा घर सोडून कुठे जाणे म्हणजे केवढा खर्चाचा आणि जुळवाजुळवीचा प्रश्न असतो, हे त्यांच्या पगारपत्रकांवर वर्षानुवर्षे नजर फिरविणाऱ्या माझ्यासारख्यालाच ठाऊक. म्हणूनच मे 2024 मध्ये आम्ही काही कुटुंबांनी मिळून केदारनाथास जाण्याचे ठरविले तेव्हा त्या बेताला एखाद्या मंगलकार्याचे गांभीर्य प्राप्त झाले होते.

मंडळींचे पुढारीपण बापूंकडे होते. लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न बनविण्याचे त्यांचे लहानसे शॉप वसाहतीच्या मागच्या अंगास आहे, आणि मिलिमीटरचाही दशांश चुकू न देणारा त्यांचा हात सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे अलीकडे साथ देत नसल्यामुळे निदान त्यांच्यासाठी तरी चढणीची वाट टळावी, या एकाच हेतूने बापूंनी हेलिकॉप्टरचा खर्च मनावर घेतला होता. यात्रेची सरकारी नोंदणी आधीच झालेली होती. राहिली होती ती हेलिकॉप्टरची तिकिटे. मोबाइलवर शोध घेता सर्वांत वर जे संकेतस्थळ आले, त्यावर मंदिराचे चित्र, शासनाची वाटावी अशी मुद्रा, फाटा ते केदारनाथ आणि परत असा मार्ग, शिल्लक आसनांचा तक्ता, सारे यथास्थित मांडलेले होते. बापूंनी क्रेडिट कार्डाने रक्कम भरली, आलेला ओटीपी दिला, आणि घटकाभरात तिकिटे व्हॉट्सॲपवर येऊन पोहोचली.

त्याच रात्री, वसाहतीत तिसरी पाळी चालू असताना, बापूंच्या त्याच कार्डावर परदेशातील कुठल्याशा दुकानाच्या नावे परकीय चलनात आणखी दोन रकमा पडल्या. या वेळी ओटीपी कोणी विचारला नाही. कारण ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची जी सक्ती रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून केली, तिचा अंमल देशाबाहेरच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. कार्डाचा परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू केल्याखेरीज बंद असावा असा नियम 2020 पासून आहे खरा, परंतु ओतकामाच्या एका परदेशी सॉफ्टवेअरचे शुल्क भरण्यासाठी बापूंनी तो रीतसर चालू करून घेतलेला होता. सकाळी संदेश पाहून ते थेट माझ्या दारात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “अण्णा, कास्टिंग वरनं कसं एकदम क्लीन असतंय, आणि मशिनिंगला लावलं की आत ब्लो होल निघतोय, तसं झालं बघा हे.”

फसलेल्या माणसाला प्रथम अडाणी ठरवायचे आणि मग त्याला उपदेश करायचा, ही जी रीत आपल्याकडे पडली आहे ती मला मनापासून अमान्य आहे. बापूंनी जे केले ते सारे विवेकाने केले होते. दुसऱ्या कोणाचा दीर्घोद्योग आणि कावेबाजपणा त्यांच्या विवेकाहून वरचढ ठरला, एवढेच. मी त्यांना पाणी दिले आणि आम्ही प्रथम बँकेला फोन करून कार्ड बंद करविले, मग 1930 हा क्रमांक फिरविला. फसवणुकीची रक्कम ज्या ज्या बँकेत, ज्या ज्या मध्यस्थाकडे पोहोचली असेल तिथे ती गोठवून ठेवण्यासाठी केंद्र सरकारने हा क्रमांक चालविला आहे, आणि त्याची सारी ताकद पहिल्या काही तासांत असते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, आणि तो रोख होऊन बाहेर पडण्यापूर्वी त्याला गाठायचे असते.

तक्रारीचा क्रमांक मिळाल्यावर आम्ही सांगली फाट्यावरून रिक्षा धरली आणि कसबा बावड्याच्या रस्त्यावरील जिल्हा पोलीस मुख्यालयाकडे निघालो. पंचगंगेचे पात्र मे महिन्यामुळे खोल आणि शांत होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात याच ठिकाणी महामार्ग पाण्याखाली जाऊन ट्रकांच्या रांगा अनेक दिवस तिष्ठत राहिल्या होत्या, हे त्या दिवशी कोणाला सांगूनही खरे वाटले नसते. तावडे हॉटेलच्या चौकात रिक्षा थांबली असता समोरच्या एटीएमकडे बापूंची नजर गेली, आणि आम्हां दोघांनाही एकाच गोष्टीची आठवण झाली.

ती आठवण 11 ऑगस्ट 2018 ची. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी करून चोरट्यांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतील एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढले, भारतात अडीच कोटी काढले, आणि दोनच दिवसांनी, 13 तारखेस, जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळते केले. त्या जागतिक लुटीचा एक धागा आमच्या कोल्हापुरापर्यंत आलेला होता; येथील एटीएममधून 95 बनावट कार्डांनी 89 लाखांहून अधिक रक्कम काढली गेली. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी 11 जणांना दोषी ठरविले. पण त्या प्रसंगी एक गोष्ट घडली होती, जिचे महत्त्व मला बापूंसोबत रिक्षात बसलेलो असताना प्रथम उमगले: बँकेच्या कोणत्याही खातेदाराचा एक पैसाही त्यात बुडाला नाही. 94 कोटींचा घाव बँकेने स्वतःच्या अंगावर घेतला. ज्याच्या तिजोरीचे कुलूप फुटले त्याने नुकसान सोसले, आणि हाच न्याय आहे.

मुख्यालयात सायबर विभागाच्या अंमलदारांनी आमचा जबाब शांतपणे लिहून घेतला. भारतीय दंड संहितेचे कलम 420 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 सी व 66 डी ही कलमे त्यांनी समजावून सांगितली. मग कागदावर एक रेघ ओढून तिच्या एका बाजूस दिवसाची रक्कम आणि दुसऱ्या बाजूस रात्रीच्या रकमा लिहिल्या. “या दोन निराळ्या गोष्टी आहेत,” ते म्हणाले. रात्रीच्या रकमा ग्राहकाच्या संमतीवाचून गेल्या. अशा व्यवहाराला रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक लागू होते, आणि त्यानुसार दोष ग्राहकाचाही नाही व बँकेचाही नाही, मधल्याच कोणाचा आहे, अशा प्रसंगी तीन कामकाजाच्या दिवसांत खबर दिल्यास ग्राहकावर कसलाही बोजा पडत नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करावयाची आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावयाचा. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. दिवसाची रक्कम मात्र बापूंनी स्वतः ओटीपी देऊन भरलेली, म्हणून ती कायद्याच्या भाषेत संमतीची.

चोर तोच, कार्ड तेच, आणि मध्ये जेमतेम काही तासांचे अंतर. तरीही एका रकमेला संपूर्ण अभय आणि दुसरीला केवळ आशा, ही विसंगती मला त्या दिवशी बोचली आणि आजही बोचते आहे. खोट्या मुद्रेला खरी समजून दिलेली संमती ही संमतीच कशी, हा प्रश्न आपल्या दंडविधानाने फार पूर्वी सोडविलेला आहे, कारण लबाडीने माल मिळविण्याला ते फसवणूकच म्हणते. बँकेच्या हिशेबात मात्र तो अजून सुटावयाचा आहे. अंमलदारांनी एक वाट आणखी दाखविली, जिची माहिती सामान्य माणसाला सहसा नसते: कार्डाने पैसे भरूनही सेवा मिळाली नाही तर कार्डधारकाला आपल्या बँकेमार्फत तो व्यवहार विवादात टाकता येतो, त्याची मुदत साधारणपणे 120 दिवसांची असते, आणि मग सेवा दिल्याचा पुरावा विक्रेत्याच्या बाजूने द्यावा लागतो. “पण सेवा मिळाली नाही, हे तुम्ही नीट दाखवा,” असे त्यांनी निघताना बजावले.

यात्रा रद्द करावी असे एकदोघांनी सुचविले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “चोरानं पैसं नेलं, देव न्हाई नेला. निघायचं.” निजामुद्दीनच्या गाडीने आम्ही कोल्हापूर सोडले. पुणे, मनमाड, भुसावळ करीत मराठी मुलूख मागे पडला, आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहत बसलेल्या बापूंनी वाटेत कोणालाही त्या रकमेविषयी बोलू दिले नाही. हरिद्वाराहून पुढे देवप्रयागास भागीरथीचे पाणी अलकनंदेच्या पाण्यात शिरताना पाहिले. रुद्रप्रयागास अलकनंदेचा निरोप घेऊन आमची गाडी मंदाकिनीच्या काठाने वर चढू लागली. डोंगराच्या अंगात कोरलेला तो अरुंद रस्ता, खाली खोल गर्जणारे पाणी आणि समोर क्षणभर प्रकट होऊन पुन्हा ढगांत लुप्त होणारी हिमशिखरे, यांच्या सन्निध ताबडतोब कार्ड, ओटीपी आणि बँक या साऱ्यांचा विसर पडतो असे मी लिहू शकलो असतो. परंतु तो पडला नाही, कारण गुप्तकाशी मागे टाकून आम्ही फाटा या गावी पोहोचलो, आणि जिथून आम्ही उडावयाचे होतो ते हेलिपॅड समोर होते.

फाटा हे रस्त्याच्या कडेला वसलेले लहान गाव आहे. दर काही मिनिटांनी एक हेलिकॉप्टर उठते, दरीवरून वळते आणि कड्याआड दिसेनासे होते. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी या तीन ठिकाणांहून ही सेवा चालते, आणि 2023 पासून तिची ऑनलाइन तिकिटे आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ या एकाच संकेतस्थळावर मिळतात, हे खिडकीवरील तरुणाने सांगितले. तो दिवसभर बहुधा हेच सांगत असावा, कारण त्याच्या आवाजात कंटाळा नव्हता, होती ती खिन्नता. आम्हीच तेवढे फसलेलो नव्हतो. शेजारी लातूरकडचे एक वृद्ध दांपत्य आपल्या मुलाने छापून दिलेली तिकिटे हातात धरून उभे होते, आणि ती खोटी आहेत हे कळल्यावर म्हातारबाबांनी ती पुन्हा घडी घालून काळजीपूर्वक खिशात ठेवली.

बापू त्यांच्याजवळ जाऊन पायरीवर बसले. “बाबा, पैसं कवा भरल्यालं? कार्डानं का युपीआयनं?” असे एकेक विचारीत त्यांनी मुलाला फोन लावून घेतला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कशी नोंदवावी, व्यवहाराचा क्रमांक कुठे सापडेल, कोणती चित्रे जोडावीत, हे सारे सांगितले, आणि पोचक्रमांक हाती येईपर्यंत जागचे हलले नाहीत. पैसे युपीआयने, एका खाजगी इसमाच्या खात्यात गेलेले होते. कार्डाच्या विवादाची जी वाट आम्हाला उरली होती, तीही त्यांना नव्हती. पुढे एप्रिल 2025 मध्ये केंद्राच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथची हेलिकॉप्टरे, तीर्थक्षेत्रांतील निवास आणि यात्रांच्या सहली यांच्या नावाने चालणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा मला त्या पायरीचीच आठवण झाली.

सोनप्रयागाहून जीपने गौरीकुंड गाठले. वहिनींसाठी प्रीपेड खिडकीवर खेचर ठरविले, पावती घेतली, आणि आम्ही पायी निघालो. जंगलचट्टी, भीमबली अशी ठिकाणे मागे पडली. जून 2013 च्या प्रलयात नामशेष झालेल्या रामबाड्याच्या जागी आता दगडगोटे आणि वाहते पाणी आहे, आणि वाट तिथून नदी ओलांडून पलीकडच्या अंगाने नव्याने चढत जाते. लिंचोलीच्या पुढे श्वास तोकडा पडू लागला. आयुष्यभर भट्टीच्या धगीत उभे राहिलेले आमचे सोबती त्या थंडीत काकडत होते, तरी एकानेही पाऊल मागे घेतले नाही. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, प्रलयात मंदिराला वाचविणाऱ्या त्या भल्यामोठ्या शिळेसमोर वहिनी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःचे गुडघे चोळले आणि मग हात जोडले.

शिरोलीस परतलो तो रात्रीच्या दोन्ही रकमा परिपत्रकाबरहुकूम बापूंच्या खात्यात जमा झालेल्या होत्या. दिवसाच्या रकमेपैकी काही भाग 1930 वरच्या तक्रारीमुळे मध्यस्थाकडे गोठवला गेला होता; तो न्यायालयाचा हुकूम घेऊन, बऱ्याच हेलपाट्यांनी का होईना, परत मिळाला. उरलेल्या रकमेचा विवाद मात्र बँकेने ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ या एका वाक्यात निकालात काढला. ते वाक्य वाचून मी गप्प बसू शकलो नाही. नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना अस्तित्वात आहे, तिच्याकडे दाद मागण्यास शुल्क पडत नाही, आणि बँकेचे उत्तर असमाधानकारक असल्यास तिचे दार उघडे असते. मी तपशीलवार अर्ज तयार केला: तारखा, व्यवहारांचे क्रमांक, पोलिसांकडील तक्रारीची नक्कल, खोट्या तिकिटांची चित्रे, आणि सेवा न मिळाल्याचा पुरावा.

सहीसाठी तो घेऊन मी बापूंच्या शॉपमध्ये गेलो. त्यांनी हात पुसले, अर्ज शब्द न् शब्द वाचला, सही केली, आणि जोडलेल्या कागदांच्या यादीत शेवटी स्वतःच्या वळणदार अक्षरांत एक ओळ वाढविली: ‘हेलिकॉप्टर मिळाले नाही, कुटुंब खेचरावर बसून गेले, गौरीकुंडची पावती सोबत आहे.’